व्याकरण येतं, पण तोंड उघडत नाही: प्रौढ व्यक्तीला इंग्रजी शिकवताना

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ओळखीतल्या एका पंचेचाळिशीच्या ताईंना तुम्ही आठवड्यातून दोनदा तासभर इंग्रजी शिकवताय. शाळेत त्यांना इंग्रजी होतं, वाचता बऱ्यापैकी येतं, पण बोलायची वेळ आली की त्या गप्प होतात. तुम्ही व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं, दोन महिन्यांत सगळे काळ शिकवून झाले, रिकाम्या जागा त्या बिनचूक भरतात. तरी साधं एक वाक्य आपणहून निघत नाही आणि आता त्या अधूनमधून तास रद्द करायला लागल्यात. म्हणून तुम्हाला एखाद्या चांगल्या पुस्तकाचं नाव हवंय.

पुस्तक बदलून काही होईल असं मला वाटत नाही. या ताईंना इंग्रजीबद्दल पुष्कळ माहिती आहे, ती शाळेतच मिळाली होती आणि तुम्ही तिची उजळणी करून दिलीत. इंग्रजीत बोलायची संधी मात्र त्यांना शाळेतही मिळाली नाही आणि, रागावू नका, बहुधा तुमच्या तासातही मिळत नाहीये. पुढचा तास त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड करा. नंतर शांतपणे ऐका आणि त्या स्वतःची वाक्यं जुळवून किती मिनिटं बोलल्या ते मोजा. पुस्तकातलं मोठ्यानं वाचलेलं त्यात धरायचं नाही, ‘येस मॅडम’ही नाही. नव्यानं शिकवायला लागलेल्या बहुतेकांचा अंदाज असतो की अर्धा तास तरी विद्यार्थी बोलतो. रेकॉर्डिंग ऐकलं की चेहरा पडतो.

आता, काय करायचं हे बऱ्याच अंशी तुम्ही न लिहिलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे. त्यांना इंग्रजी कशासाठी हवंय? ‘इंग्रजी सुधारायचंय’ हे उत्तर चालणार नाही. त्यातून तासाला काय घ्यायचं ते ठरत नाही. मी पहिल्या भेटीत असं विचारते: गेल्या महिन्याभरात इंग्रजी येत नाही म्हणून कुठं अडलं? कुणी सांगतं, दवाखान्यात फोन करायचा होता तो मुलाला करायला लावला. कुणी म्हणतं, मीटिंगमध्ये उत्तर माहीत होतं तरी बोलले नाही. कुणाला ईमेल लिहायची भीती असते, बोलण्याचं फारसं काही नसतं. या तिघांचं काम वेगवेगळं आहे आणि तिघांनाही पहिल्या पानापासून व्याकरण नकोय. रोमन अक्षरं वाचण्याचा वेग किती, घरी रोज किती मिनिटं मिळतात, आसपास इंग्रजी बोलणारं कुणी आहे का, हेही विचारून घ्या. आणि एक अगदी साधी गोष्ट: चष्मा लागलाय का आणि ऐकायला नीट येतं का. मोठी माणसं हे सांगत नाहीत. बारीक टाइप दिसत नसतो आणि आपण समजतो, वाचन कच्चं आहे.

वेळेचा हिशोबही एकदा मांडून बघा. युरोपात २००१ पासून भाषेच्या सहा पायऱ्यांची एक चौकट वापरतात, ए१ पासून सी२ पर्यंत. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अंदाज असा की शून्यापासून ए२ गाठायला १८० ते २०० तास लागतात आणि रोजचे व्यवहार स्वतःच्या हिमतीवर निभावता येण्याच्या, म्हणजे बी१ च्या पायरीला एकूण ३५० ते ४००. एका पायरीला दीड-दोनशे तास झाले. तुमचे आठवड्याचे दोन तास म्हणजे वर्षाचे जेमतेम शंभर. दोन महिन्यांत, रद्द झालेले वजा जाता, पंधराएक झाले असतील. एवढ्यात ‘प्रगती नाही’ म्हणणं हा तुमच्यावरही अन्याय आणि त्यांच्यावरही.

पण याच हिशोबातून मी दुसराही निष्कर्ष काढते: सगळं इंग्रजी शिकवायला तुमच्याकडे वेळच नाही. तेव्हा निवड करा. एक काम घ्या, ते छोटं आणि त्यांच्या रोजच्या आयुष्यातलं असू द्या आणि त्याच्याच इतक्या फेऱ्या करा की त्यांना ते झोपेतही जमेल. दर तासाला नवा धडा घेण्याचा मोह शिकवणाऱ्याला होतो, कारण तेच तेच करायचा कंटाळा आपल्यालाच येतो. शिकणाऱ्याला येत नाही. वाक्य तिसऱ्या वेळी जरा सुटं निघालं की त्याला कंटाळा कसला?

समजा काम आहे दवाखान्यात फोन करून ठरलेली वेळ बदलून घेणं. मी तास कसा घेईन ते सांगते. आधी काहीही न शिकवता म्हणायचं, ‘करा फोन, मी रिसेप्शनवर आहे.’ खुर्च्या पाठमोऱ्या ठेवायच्या, कारण फोनवर चेहरा दिसत नाही आणि समोरासमोर बसलं की ताई तुमच्या भुवयांवरून आपलं चुकलं की बरोबर ते वाचत बसतील. त्या साधारण असं बोलतील: ‘आय वॉन्ट चेंज माय टाइम. थर्सडे आय कान्ट कम. फ्रायडे हाऊ मच टाइम?’ मध्ये दोन मराठी शब्दही येतील. येऊ द्या. तुम्ही फक्त लिहून घ्या, शब्दाला शब्द. फोन झाल्यावर पहिल्यांदा सांगायचं की निरोप पोचला, आणि तो खरंच पोचलेला असतो. मग त्यांच्याच वाक्यांतली दोन निवडायची आणि कागदावर नीट करून द्यायची: ‘आय वॉन्ट टु चेंज माय अपॉइंटमेंट’ आणि ‘व्हॉट टाइम ऑन फ्रायडे?’ दोनच. पाच चुका सांगितल्यात तर पाचही विसरल्या जातील.

लगेच दुसरा फोन. तोच विषय, तीच माणसं. तिसऱ्या फोनला मात्र तुम्ही अडचण घालायची: ‘सॉरी, वुई आर फुल्ली बुक्ड ऑन फ्रायडे.’ इथे ताई थांबतील. पाठ केलेला संवाद नेमका इथेच फसतो, कारण समोरचा माणूस पुस्तकातलं वाक्य म्हणत नाही. म्हणून या टप्प्यावर मी तीन-चार आधाराची वाक्यं देते आणि ती चक्क पाठ करून घेते: ‘सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?’, ‘अ लिटल मोअर स्लोली, प्लीज’, ‘डू यू मीन फ्रायडे ऑर मंडे?’ यांतली रचना समजावत बसायची गरज नाही. ही वाक्यं आली की न कळण्याची भीती अर्धी होते, आणि गप्प बसण्याच्या मुळाशी बहुतेकदा तीच असते. फोनच्या कामात आकडेही घोटून घ्या. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत जोर कुठं पडतो हे कानाला कळलं नाही तर वेळ चुकते. उच्चारांचं मी एवढंच बघते: समोरच्याला कळतंय का. ॲक्सेंटच्या मागे लागू नका.

गोष्ट सांगण्याचा सराव असेल तर ४-३-२ हा प्रकार फार उपयोगी पडतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी तो शिक्षकांमध्ये बराच रुजवला. एकच हकिकत आधी चार मिनिटांत सांगायची, मग तीच तीन मिनिटांत, मग दोन. मूळ पद्धतीत दरवेळी ऐकणारा बदलतो; तुमच्याकडे दुसरं कुणी नसेल तर दुसरी फेरी फोनवर रेकॉर्ड करू द्या. काय सांगायचं ते डोक्यात पक्कं असल्यामुळे सगळं लक्ष कसं सांगायचं याकडे जातं आणि वेग आपोआप वाढतो. तुमच्या ताईंना चार मिनिटं जास्त होतील. दोन, दीड, एक अशी उतरंड लावा.

आता शांततेबद्दल. शिकवणाऱ्यांना सगळ्यात जड जाते ती ही गोष्ट. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून १९७४ मध्ये दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि भरीव होऊ लागली. ही मुलं शाळेत रोज वापरायच्या भाषेत उत्तर देत होती. तुमच्या ताईंना त्याच वेळात शब्द शोधायचाय, क्रियापद वाक्याच्या शेवटून उचलून मध्ये आणायचंय, शिवाय हे बरोबर आहे का ही धाकधूक आहेच. तीन सेकंदांत काय होणार? मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. सहा-सातच्या आसपास वाक्य सुरू होतं. तुम्ही चौथ्या सेकंदाला शब्द सुचवलात की ते वाक्य तुमचं झालं.

चूक कशी सुधारायची हा तुम्ही न विचारलेला, पण सगळ्यात नाजूक प्रश्न. समजा ताई म्हणाल्या, ‘येस्टरडे आय गो टु बँक.’ आपण सहज म्हणतो, ‘ओ, यू वेन्ट टु द बँक?’ आणि त्या म्हणतात, ‘येस, येस.’ आपल्याला वाटतं आपण सुधारलं. त्यांच्या लेखी आपण फक्त विचारलं की बँकेत गेला होता का. लायस्टर आणि रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त सुधारणा अशाच होत्या, बरोबर वाक्य स्वतः म्हणून टाकायच्या. विद्यार्थ्यांनी त्यावर काही केल्याचं प्रमाण सगळ्यात कमी होतं. ती मुलं होती, प्रौढांचं लक्ष थोडं जास्त असतं, पण ‘येस, येस’ मी मोठ्यांकडूनही भरपूर ऐकलंय. त्यापेक्षा ‘येस्टरडे आय…’ इतकंच म्हणा आणि थांबा. त्यांना ‘वेन्ट’ माहीत आहे, तुम्हीच तर काळ घोटून घेतलेत. शोधून काढायचं काम त्यांचं त्यांना करू द्या.

आणि सगळ्या चुका धरू नका. अर्थाचा घोळ होतो ती धरायची, आणि त्या दिवशी ज्यावर काम चाललंय ती. काल झालं की आज होतंय यात गोंधळ झाला तर ऐकणारा फसतो, म्हणून ‘वेन्ट’वर थांबायचं. ‘शी गोज’ मधला शेवटचा ‘ज’ गळला तर कुणाचं काही अडत नाही. शिवाय मातृभाषा कोणतीही असो, इंग्रजी शिकणाऱ्यांच्या बोलण्यात तो उशिराच येतो. नियम पहिल्या महिन्यात कळतो, तोंडात बसायला वर्षं जातात. ‘अ’ आणि ‘द’ तसंच. आपल्या भाषेत आर्टिकल नाही, तेव्हा मराठी माणसाच्या बोलण्यात ते सगळ्यात शेवटी स्थिरावतं, काहींच्या कधीच नाही.

म्हणजे मग व्याकरण सोडून नुसत्या गप्पा मारायच्या का? नाही. रिचर्ड श्मिट यांनी हवाईत राहायला आलेल्या एका जपानी चित्रकाराच्या इंग्रजीची तीन वर्षं नोंद ठेवली आणि १९८३ मध्ये ती मांडली. अभ्यासात त्याला वेस म्हटलंय. माणूस बोलका, मित्र भरपूर, कामही इंग्रजीतून. संवाद साधण्यात तो कुठच्या कुठं गेला, व्याकरण मात्र जवळपास होतं तिथंच राहिलं. नुसतं बोलून सगळं आपोआप येत नाही, प्रौढांना तर नाहीच. कुणीतरी बोट ठेवून ‘हे बघ’ म्हणावं लागतं. तेव्हा तुमचं पुस्तक टाकू नका, फक्त ते पुढून वाचणं बंद करा. फोनच्या सरावात प्रश्न विचारताना ताई अडल्या? शेवटची सूची उघडा, प्रश्न बनवण्याचं पान काढा, दहा मिनिटं त्यावर घालवा आणि परत फोनवर या. आपण कुठं अडलो हे आधी जाणवलं असलं की तोच नियम वेगळा ऐकू येतो.

मराठीत समजावलं तर बिघडतं का, असंही तुम्ही विचारलंय. बिघडत नाही. ‘तासात मराठीचा एक शब्दही नको’ हा नियम मला कधी पटला नाही. अर्ध्या मिनिटात मराठीतून कळेल त्यासाठी इंग्रजीत पाच मिनिटं हातवारे कशाला? उलट आपल्या भाषेची ठेवण माहीत असणं हा तुमचा फायदा आहे. आपण म्हणतो मला उशीर झाला, मला ताप आहे, मला भूक लागली, मला जायचंय. चारही वाक्यं ‘मला’नं सुरू होतात. इंग्रजीत चारही ‘आय’नं, पण पुढे प्रत्येकाचं वळण निराळं: ‘आय ॲम लेट’, ‘आय हॅव अ फीवर’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव टु गो’. शब्द जोडत गेलं की इथं हमखास घसरायला होतं. अशी वाक्यं अख्खीच्या अख्खी एका कागदावर द्या, नियमाशिवाय. फक्त एकदा फोन ‘लागला’ की मराठी बंद, एवढी शिस्त पाळा.

दोन तासांच्या मधले दिवस तासांपेक्षा महत्त्वाचे आहेत. गृहपाठ म्हणून मी रोज एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज मागते: आज काय झालं, इंग्रजीत, जसं येईल तसं. मी उत्तर देते ते मजकुराला, चुकांना नाही. चुकांची चिठ्ठी माझ्याकडे राहते आणि पुढच्या तासाला तिच्यातली एखादी निघते. शब्दांची वही असेल तर त्यात शब्द न लिहिता त्यांची स्वतःची वाक्यं लिहायला सांगा आणि ती दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी चाळायला सांगा. एकदम वीस वेळा लिहून काढण्यापेक्षा ते टिकतं.

वाचनाबाबत सगळे जण एकच सल्ला देतात: इंग्रजी पेपर वाचा. मी नवशिक्यांना तो देत नाही. मदतीशिवाय मजकूर नीट समजायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, आणि पेपरच्या बाबतीत तिथवर पोचायला नेशन यांच्या २००६ मधल्या मोजणीनुसार आठेक हजार मूळ शब्द, त्यांच्या सगळ्या रूपांसह, यावे लागतात. ताई दर ओळीला डिक्शनरी उघडतील आणि चौथ्या दिवशी पेपर रद्दीत जाईल. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम मर्यादित शब्दांत लिहिलेली, पायरीनुसार लावलेली छोटी पुस्तकं मिळतात. एक पान वाचायला द्या. दोन-तीनच शब्द अडले तर पुस्तक योग्य, दहा अडले तर खालची पायरी. गोष्ट मोठ्यांसाठीची आहे ना तेवढं बघून घ्या. ससा-कासवाची गोष्ट पंचेचाळिशीच्या माणसाच्या हातात देणं हा अपमान आहे.

यावरून तास रद्द होण्याकडे येते. कामाची गडबड हे कारण खरंही असेल, पण माझ्या पाहण्यात बरेचदा आत वेगळंच असतं. ही बाई आपल्या घरात, आपल्या कामात चारचौघांना सल्ले देते आणि तुमच्यासमोर बसली की तिचा इयत्ता पाचवीचा विद्यार्थी होतो. आठवड्यातून दोनदा. यावर ‘व्हेरी गुड, व्हेरी गुड’चा उपाय चालत नाही, मोठ्या माणसाला खोटं कौतुक लगेच कळतं. त्यांना ज्यातलं कळतं आणि तुम्हाला कळत नाही असं काहीतरी त्यांनी तुम्हाला इंग्रजीतून समजावावं, असे तास अधूनमधून ठेवा. त्या शिवण शिकवत असतील तर शिवण, हिशोब ठेवत असतील तर हिशोब. तुम्हाला खरोखर कळत नसतं, त्यामुळे तुमचे प्रश्नही खरे असतात आणि खुर्च्यांची अदलाबदल होते. दुसरं म्हणजे पुरावा दाखवा. आजचा पहिला फोन रेकॉर्ड करून ठेवा आणि सहा आठवड्यांनी तोच फोन पुन्हा करून दोन्ही शेजारी शेजारी ऐकवा. तिथं कौतुकाची गरज राहत नाही.

‘या वयात जमेल का’ हे त्या कधीतरी विचारतीलच. १९७८ मध्ये स्नो आणि होफनागल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांचं डच शिकणं तपासलं. सुरुवातीच्या महिन्यांत लहान मुलांपेक्षा किशोरवयीन आणि प्रौढच पुढे होते. पुढे मुलं गाठतात हे खरं, आणि उच्चारात वयाचा फरक राहतो हेही खरं. पण दवाखान्यात फोन करायला वय आड येत नाही.

सरावातला फोन तीन वेगवेगळ्या अडचणींसह, मराठीचा आधार न घेता पार पडला की खरा फोन करायला लावा. तुम्ही शेजारी बसा, पण मधे पडून फोन हातात घेऊ नका, त्यांनी दिला तरी नाही. अगदीच अडल्या तर कागदावर एखादा शब्द लिहून पुढे सरकवा. तो झाला की पुढचं काम कोणतं ते त्यांनाच विचारा. त्यांच्या मनात दुसरा नंबर बहुतेक आधीच तयार असेल.